दोघांपैकी एक कुरूप करा

संपादकांचे पत्र जहूरने तिसऱ्यांदा वाचले, तेव्हा त्याचा संयम सुटत चालला होता. मुंबईच्या त्या विनोदी मासिकाने सहा वर्षांत त्याची चौदा व्यंगचित्रे सौजन्यपूर्वक परत पाठवली होती. पंधरावे स्वीकारले, तेही दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी. अट मात्र होती: "शत्रू कोणता हे वाचकांस कळत नाही. सोबत परत पाठविलेल्या चित्रात दोघांपैकी एक कुरूप करून शनिवारच्या टपालाने पाठवावे."

१९६५चा सप्टेंबर होता, भारत-पाकिस्तान लढाईचा. दुबईत, देराच्या खाडीकाठी एका जहाजकचेरीत जहूर कारकुनी करी आणि मागच्या खोलीत दोन सोबत्यांसह राहत असे. दोन्ही देशांच्या सेनापतींची छायाचित्रे जवळ नसल्याने त्याने त्या दोघांनाच समोर बसवून चित्र काढले होते. छातीभर पदके लावलेले दोन सेनानी एकाच थाळ्याची कड धरून ओढताहेत, आणि भात जमिनीवर सांडतो आहे.

सोबती सख्खे भाऊ होते. थोरला खैरुद्दीन दाभोळच्या खाडीपलीकडच्या गावातून थेट इथे आलेला. धाकटा इद्रीस फाळणीच्या साली मामांबरोबर कराचीला गेलेला, म्हणून त्याचा पासपोर्ट तिकडचा. घरच्या रीतीप्रमाणे दोघे एका थाळ्यात जेवत. लढाई पेटल्यापासून मात्र इद्रीस वेगळ्या ताटलीत, भिंतीकडे तोंड करून जेवू लागला होता.

"यात अवघड काय?" खैरुद्दीन म्हणाला. "इद्रीसचं नाक लांब कर. तसंही लांबच आहे."

"आधी भाईचे कान बघ," इद्रीस भिंतीलाच म्हणाला. "सुपासारखे. तुला मेहनतही पडायची नाही."

"मासिक मुंबईचं आहे. शत्रू तू आहेस."

"परवा तुला ताप होता, तेव्हा पेज शत्रूनंच शिजवली वाटतं."

"अळणी होती."

जहूरने टाक खाली ठेवला. "मला एकच कुरूप माणूस हवा आहे, आणि उद्या शनिवार आहे. यल्ला, चला, ठरवा."

त्याने जुनी शाई खरवडायला ब्लेड उचलले. तेवढ्यात खैरुद्दीनने विचारले, "हे मासिक आपल्या गावच्या वाचनालयात येतं ना?"

"येतं."

इद्रीस प्रथमच वळला. "मग अम्मा बघणार. वाचता येत नसलं तरी चित्र बघणार."



"माझेच कान मोठे कर," खैरुद्दीन म्हणाला. "मी दर दोन वर्षांनी तिच्यासमोर जातो. माझं खरं तोंड तिला माहीत आहे."

"हे बरं आहे," जहूर वैतागून म्हणाला. "आत्तापर्यंत याचं नाक होतं."

"तिनं याला अठरा वर्षांत पाहिलेलं नाही, जहूर. कुरूप काढलास तर हा असाच झाला म्हणून ती मान्य करील."

"आणि तुझे कान मोठे दिसले तर मीच काढायला लावले म्हणून मला शिव्या घालील," इद्रीस म्हणाला. "जहूर, भाईला हात लावू नकोस."

जहूरने दोन्ही चेहऱ्यांवर आळीपाळीने ब्लेड धरून पाहिले. अखेर एकही रेघ न बदलता त्याने चित्र लखोट्यात घातले आणि संपादकांना लिहिले, "कुरूप कोण, हे ठरवणे मला साधले नाही. क्षमस्व."

ऑक्टोबरात चित्र परत आले. युद्धविराम झाल्याने विषय शिळा झाला होता, आणि मुखपृष्ठावर निरांजन घेतलेली स्त्री येणार होती. जहूरने ते चित्र टोपलीत टाकले. खैरुद्दीनने न विचारता ते उचलून आईला पाठवून दिले.

महिन्याभराने आईचे, हलिमाबींचे, उत्तर आले, गावच्या मास्तरांच्या हस्ताक्षरात. सोबत चित्रही होते. "इद्रीसचे नाक त्याच्या अब्बांसारखे झाले आहे, ते पाहून बरे वाटले. परंतु दोघेही फार वाळले आहेत. जहूरला सांगावे, गाल भरावेत, आणि चित्र पुन्हा पाठवावे."

"आता हीसुद्धा दुरुस्ती सांगते," जहूर म्हणाला. पंधरा नकार पचवलेला तो गृहस्थ त्या पत्राकडे बराच वेळ रागाने पाहत राहिला. मग त्याने टाक धुतला व दौतीचे बूच काढले.

"समोर बसा. एका थाळ्याशी. आणि हलू नका."

इद्रीसने आपली ताटली खिडकीत ठेवली आणि तो भावासमोर येऊन बसला.