सात नंबरचा हिरवा चौकोन

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस निपाणीला आले होते. लॅपटॉप बरोबर होताच. परदेशात जमिनीखाली आमचा कणांचा प्रयोग चालू होता, आणि त्याच्या मोजणीवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर मी लावलं होतं. शनिवारी सकाळी आप्पा चहाचा कप घेऊन शेजारी बसले.

"अक्षरा, एवढी शिकलीस, तुझं काम तरी दाव की एकदा."

आप्पांनी तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत पानं निवडली. त्यांना समजावणं अवघड गेलं नाही. म्हटलं, यंत्रातून कण सुटतात आणि चौदा पॅनेलांवर येऊन आपटतात. किती आले ते प्रत्येक पॅनेल मोजतं. एखादं बिघडलं तर लगेच कळायला हवं, म्हणून एका चांगल्या दिवसाची मोजणी नमुना म्हणून ठेवायची. आजची मोजणी नमुन्याशी जुळली तर त्या पॅनेलचा चौकोन हिरवा, नाही तर लाल.

"म्हंजी आमच्यागतच," आप्पा म्हणाले. "नमुन्याची जुडी फुडं ठिवायची आन् तिला धरून पान निवडायचं."

स्क्रीनवर चौदाही चौकोन हिरवे होते. बीम, म्हणजे यंत्रातला कणांचा झोत, सुरू झाल्यापासून सहा दिवस हिरवेच होते. मी जरा तोऱ्यातच एकेक उघडून आतली मोजणी दाखवायला लागले. सातवा उघडला तर आत शून्य.

"ह्यात काय न्हाय की गं," आप्पा म्हणाले.

मी घाईघाईनं नमुना उघडला. त्यातही सात नंबरला शून्य. शून्याशी शून्य जुळत होतं, आणि माझं सॉफ्टवेअर इमानेइतबारे हिरवं दाखवत होतं.

तो नमुना मीच निवडला होता. बीमच्या आधी महिनाभर चाचण्या झाल्या. प्रत्येक चाचणीत हे सात नंबर कुरकुर करायचं, अलार्म वाजायचा, पाळीवरचे लोक वैतागायचे आणि मला मेसेज टाकायचे. मेसेज वाचून वाचून मीही वैतागले होते. शेवटी एक चाचणी अशी आली की दिवसभर एकही अलार्म नाही. सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे टाकले, आणि मी तोच दिवस नमुना म्हणून लावून मोकळी झाले. सात नंबर शहाणं झालं नव्हतं. त्या दिवशी त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं होतं, म्हणून ते गप्प होतं. चौदा पॅनेलं उघडून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं मी दुसऱ्यांच्या कामाला कितीदा तरी हिणवलंय.

मी प्रयोगाच्या तिथल्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कार्ड बदलायला खाली उतरावं लागतं, आणि बीम चालू असताना खाली कुणालाच सोडत नाहीत. बीम सोमवारी थांबणार, पुढचा दोन वर्षांनी. "सुरू व्हायच्या आधी कळलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं," त्या म्हणाल्या. हे मला सांगायची काही गरज नव्हती.

"नमुनाच सडका निघाला तर आमी समदा माल परत निवडायचो," आप्पा म्हणाले. "तसं करा की."

"ह्यात परत न्हाय, आप्पा. गेलं ते गेलं."

आणि ते गेलं होतं युवराजचं. युवराज कडोलीचा, माझ्या हाताखाली तीन वर्षं पीएचडी करतोय. तो ज्या कणांच्या मागे लागलाय ते फक्त सात नंबरच्याच कोपऱ्यातून जातात. त्याची फेलोशिप मार्चमध्ये संपते. थोरला भाऊ एकटा शेत ओढतोय आणि युवराजची वाट बघतोय. या क्षणी युवराज बेळगावात, आमच्या कॉलेजच्या खोलीत पाळीवर बसून तेच चौदा हिरवे चौकोन बघत होता.

आधी त्याला फोन करायचा मला धीर झाला नाही. माझ्या हातात एवढंच उरलं होतं की नमुना बदलायचा. एक जुनी, कुरकुरीची पण जिवंत चाचणी शोधली, यावेळी चौदाही पॅनेलं उघडून पाहिली, आणि लावली. सात नंबर लाल झालं. मिनिटभरात युवराजचाच फोन आला.

"आक्का! सात नंबर गेलं बघ, आत्ता, ह्याच मिन्टाला! तुझ्या सॉफ्टवेअरनं काय झटक्यात पकडलं गं!" त्याला धाप लागली होती. "पर घाबरू नको. सहा दिवसांचा डेटा हाय आपल्या हातात. फुडचं दोन दिवस गेलं तर जाऊ देत. तेवढ्यात भागतंय माझं, मी बघितलंय."

मला वाटलं, फोन ठेवून द्यावा. खरंच वाटलं.

"युवराज, ते आत्ता गेलेलं न्हाय रं. पैल्या दिवसापासनं बंद हाय."

"न्हाय गं, हिरवं हुतं की. रोज बघत हुतो मी."

"आत उघडून बघितलंस कधी?"

विचारलं आणि माझीच मला शिसारी आली. हा प्रश्न मी कोणत्या तोंडानं विचारत होते?

"तू लावल्यालं हुतं न्हवं," तो म्हणाला. "त्यात उघडून काय बघायचं?"

मग मी सगळं सांगितलं. नमुना, जळलेलं कार्ड, सोमवार, दोन वर्षं. माझी चूक, असं तीनदा म्हणाले. त्याच्या मागं खोलीतला पंखा तेवढा ऐकू येत होता.

"मग आता काय करू, आक्का?"

तीन वर्षं तो हे विचारत आला, आणि तीन वर्षं मी काहीतरी सांगत आले.

"कायच करता येत न्हाय रं," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. "दोन वाजेपर्यंत पाळी हाय माझी. बाकीची तेरा दुसऱ्यांची हाईत, ती तरी बघाय पायजेत कुणीतरी."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. साडेअकरा वाजले होते.