चोचीवरची हिरवी टिक

इंटर्नशिपचे सात आठवडे संपले तेव्हा प्रियदर्शनी रामटेकेला तीन गोष्टी येत होत्या. फायलीची नाडी न तोडता बांधणं, पंख्याचा वारा कोणत्या खुर्चीला लागतो ते ओळखणं, आणि टिक करणं.

ऑफिस स्वारगेटला होतं, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. गुंतवणूक योजना नियंत्रण कार्यालय. लोकांचे पैसे घेऊन साग लावणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या किंवा नुसतंच गोड बोलणाऱ्या कंपन्यांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. प्रियदर्शनी मूळची भंडाऱ्याची. कर्वेनगरच्या कॉलेजात तिचं एमबीएचं पहिलं वर्ष झालं होतं. उन्हाळ्याचे दोन महिने तिला इथे मिळाले, तेव्हा तिच्या बाबांनी तिकडे विहारात सगळ्यांना सांगून टाकलं, की पोरगी आता पुण्याच्या कंपन्यांना वळण लावणार. पोरगी फायलींना नाड्या लावत होती.

तिचे साहेब दिगंबर पाटणकर. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. बोलणं कमी, आणि जे काही बोलत त्यानं समोरच्याचं काही भलं होत नसे. त्यांची टिक हिरवी असायची. ऑफिसात फक्त लाल आणि निळी पेनं मिळत, पण साहेबांच्या खिशाला कायम हिरवं. शिवाय गोदामातल्या पोत्यांवर खूण करायला त्यांच्या पिशवीत एक जाड हिरवा मार्कर असे, ऑइलपेंटचा.

"टिक नाही म्हणजे मोजलेलं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं. "आणि एकदा टिक झाली की ती वस्तू पुन्हा मोजायची नाही. आपलं सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकी एमबीएत शिकवतीलच."

कॉलेजचा नियम वेगळा होता. आठ आठवडे संपल्यावर साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं, आणि त्यावर 'काम समाधानकारक' असा शेरा हवा. शेरा नसेल तर पुढच्या सत्राचा फॉर्म घेत नाहीत, म्हणजे वर्ष गेलंच. प्रियदर्शनीनं कपाटात मागच्या वर्षीच्या मुलाच्या प्रमाणपत्राची प्रत शोधून काढली. साहेबांनी त्यावर शेरा दिला होता, "येत होते."

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

आठव्या आठवड्यात ईमूंची फाईल आली. ईमू म्हणजे शहामृगाच्या भाऊबंदातला, माणसाएवढा उंच आणि छातीतून ढोलकं वाजल्यासारखा आवाज काढणारा पक्षी. सोनपंख नावाची एक कंपनी लोकांना ईमूची जोडी विकायची, जोडी स्वतःच सांभाळायची आणि दर महिन्याला परतावा द्यायची. हिंजवडीतल्या आयटीच्या पोरांनी भराभर जोड्या घेतल्या होत्या. कंपनी त्यांना त्यांच्या जोडीचा फोटो ईमेलनं पाठवायची. सगळे फोटो सारखेच दिसत, पण ईमूही सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे तक्रार कुणाची नव्हती. कंपनीच्या कागदावर पिरंगुटजवळच्या फार्मवर त्रेसष्ट पक्षी होते आणि सासवडजवळच्या फार्मवर त्रेसष्ट.

"दोन्ही एकाच दिवशी बघू," साहेब म्हणाले. "रामटेके, तुम्ही मोजायचं. मी रजिस्टर बघतो."

संपत ड्रायव्हरनं जीप काढली. सकाळी नऊला ते पिरंगुटला पोचले. कंपनीचा मॅनेजर सुदर्शन फाटकात उभा होता. गळ्यात टाय, पायात गमबूट.

"या साहेब. आमच्याकडे सगळा कारभार पारदर्शक आहे."

"दिसतंय. कुंपण जाळीचंच आहे," साहेब म्हणाले आणि रजिस्टर बघायला आत गेले.

प्रियदर्शनी वही घेऊन जाळीपाशी गेली. पहिल्यांदा मोजले तेव्हा पंचेचाळीस भरले. दुसऱ्यांदा ऐंशी. तिसऱ्या खेपेला एकानं जाळीतून मान घालून तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची फीत धरली आणि ओढायला लागला. त्याच्या डाव्या डोळ्यावर पिसांचा एक झुपका उभा होता, त्यामुळे तो सतत काहीतरी विचारतोय असं वाटायचं. फीत सोडवून घेऊन ती साहेबांच्या खिडकीशी गेली.

"सर, हे थांबूनच नाही राहिले. सगळे पळून राहिले."

"मग त्यांना एक अर्ज द्या. विनंती अर्ज," साहेब रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाले. "अहो रामटेके, पद्धत काय सांगितली आहे तुम्हाला?"

पद्धत तिला पाठ होती. तिनं साहेबांच्या पिशवीतला मार्कर घेतला.

तेवढ्यात पक्ष्यांना खाणं घातलं गेलं. खाण्याची पन्हळ जाळीच्या बाहेर होती, त्यामुळे पक्षी जाळीतून माना बाहेर काढून खात. प्रियदर्शनी पन्हळीच्या कडेनं चालत गेली आणि बाहेर आलेल्या प्रत्येक चोचीवर एक हिरवी टिक करत गेली. चोच टणक, रंग छान बसत होता. पक्ष्यांनाही काही वाटलं नाही. दोन तासांत बासष्ट झाले. झुपकेवाला मात्र काही केल्या टिक करू देईना. मार्कर दिसला की मान मागे, आणि फीत दिसली की मान पुढे. तिनं वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, बासष्ट आणि एक शिल्लक.

सुदर्शन चहा घेऊन बाहेर आला आणि त्याच्या हातातली बशी कलंडली.

"हे काय केलंत? मॅडम, हे काय केलंत तुम्ही?"

"मोजले," प्रियदर्शनी म्हणाली.

त्याचा चेहरा एवढा उतरला की तिला त्याची दयाच आली. तो साहेबांना हाताला धरून बाहेर घेऊन आला. "साहेब, हे लोकांचे पक्षी आहेत. हिंजवडीच्या साहेबलोकांना काय फोटो पाठवू मी आता? हे पुसायचं कशानं?"

साहेबांनी कुंपणाकडे पाहिलं. बासष्ट हिरव्या टिका त्यांच्याकडे बघत होत्या. साहेबांनी प्रियदर्शनीच्या हातातला मार्कर काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "पोत्यांवर करायची असते ती. जिवंत प्राण्यावर नाही. उद्या बँकेत पाठवलं तर कॅशियरच्या कपाळावर कराल."

"सर, तुम्हीच म्हणाला होता की टिक नाही म्हणजे..."

"त्यांनी वर तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल. आणि तुम्ही प्रमाणपत्राचं मनातून काढून टाका."

प्रियदर्शनी खिडकीबाहेर बघत बसली. विहारात बाबांना आता काय सांगायला लागेल, याचा विचार करत राहिली.

पाटणकर साहेब रोज एक वाजता कोथरूडला घरी जेवायला जात. तपासणी असली तरी जात. शहरातल्या सगळ्या कंपन्यांना हे माहीत होतं, आणि तपासणीच्या दिवशी एक ते तीन हा वेळ त्या आपला समजत. आज साहेब जिन्याशी थांबून म्हणाले, "वर या. जीपमध्ये तापेल."

घरी दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी सकाळचा भात फोडणी घालून गरम केला आणि तीन ताटं घेतली. मग एक परत मांडणीत ठेवलं. संपत खालीच डबा खातो, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं असेल, असं प्रियदर्शनीला आधी वाटलं. नंतर तिला भिंतीवरचा फोटो दिसला. फोटोखाली हिरव्या पेनांचा एक खोका होता, जवळजवळ रिकामा.

"आमची सुशीला," साहेब भात वाढत म्हणाले. "शाळेत शिकवायची. लाल शाईला पोरं घाबरतात म्हणून हिरवीनं पेपर तपासायची. घाऊक आणून ठेवली होती पेनं. आता दोन राहिलीत." मग लगेच, "मीठ कमी आहे. मला कळतं, सांगू नका."

मीठ जास्त होतं. प्रियदर्शनीनं दोनदा भात घेतला.

तीन वाजता निघाले ते स्वारगेटच्या चौकात अडकले. पुढे ताडपत्री बांधलेला एक भलामोठा टेम्पो होता. त्यातून ढुम, ढुम असा आवाज येत होता, कुणी सावकाश ढोलकं वाजवावं तसा.

"इंजिन गेलंय त्याचं," संपत म्हणाला.

"इंजिन पुढं असतं ना दादा? आवाज मागून येऊन राहिला."

"मग मागचं काहीतरी गेलं आसंल. गाडी हाय, कायबी जातंय."

ताडपत्रीला आतून चोचीएवढं एक टोक आलं, हललं आणि गेलं. प्रियदर्शनीनं साहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. एकदा प्रमाणपत्र गेलंच आहे, आता आणखी बोलून काय जाणार आणि काय येणार, असा विचार करून ती गप्प राहिली.

चौक सुटला तसा टेम्पो सुसाट निघून गेला. त्यांच्या जीपला दिवेघाट चढायला बराच वेळ लागला.

सासवडच्या फार्मवर सुदर्शन त्यांच्या आधी पोचला होता. टाय पाठीवर गेला होता आणि घामानं शर्ट भिजला होता. त्याच्या मागे कुंपणात पक्षी होते. समोर दिसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. नाक, चोच, सगळं झाकलेलं, वर फक्त डोळे, आणि मागे मानेवर गाठ.

जीपमधून उतरता उतरता संपत म्हणाला, "ह्यांच्या टू-व्हीलरी कुठं हायत?"

साहेबांनी सुदर्शनकडे पाहिलं.

"ऊन, साहेब," सुदर्शन म्हणाला. "धूळ, प्रदूषण. पुण्यात मुली बांधतातच की स्कार्फ. आम्ही पक्ष्यांचीही काळजी घेतो."

"हे सासवड आहे."

"इथेही वाढलंय आता."

प्रियदर्शनी कुंपणाजवळ गेली. फडकी चकचकीत निळ्या सॅटिनची होती आणि त्यांवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांचे तुकडे. एकाच्या चोचीवर 'गुंतव' होतं, शेजारच्याच्या गळ्याखाली 'मेळा'. कंपनीच्या गुंतवणूकदार मेळाव्याचा कापडी फलक कुणीतरी घाईघाईनं कापला होता.

ती गप्पच राहणार होती. पण पन्हळ भरलेली होती आणि कुणीच खात नव्हतं, हे तिला बघवेना.

"बांधल्यावर हे खातात कसे?" तिनं विचारलं.

"आज उपास आहे त्यांचा," सुदर्शन म्हणाला.

"कसला?"

"चतुर्थी."

"चतुर्थी परवा झाली," साहेब म्हणाले.

तेवढ्यात घोळक्यातून एक पक्षी पुढे आला. त्याच्या तोंडाला फडकं नव्हतं. डाव्या डोळ्यावर झुपका उभा. तो सरळ प्रियदर्शनीकडे आला, जाळीतून मान बाहेर काढली आणि तिच्या ओळखपत्राची फीत धरून ओढायला लागला.

"सर," प्रियदर्शनी फीत न सोडवता म्हणाली. "ह्याची माझी सकाळी ओळख झाली आहे. हाच तो शिल्लक राहिलेला."

"ईमू सगळे सारखेच दिसतात मॅडम," सुदर्शन म्हणाला.

"ते माहीत आहे. म्हणूनच तर टिका केल्या. एकाचं फडकं सोडा ना सर, एकाचंच. माझं चुकलं असेल तर प्रमाणपत्राला मी शेराच मागणार नाही."

पक्ष्यांची देखभाल करणारा पोपट नावाचा माणूस बादली घेऊन बाजूला उभा होता. सकाळपासून त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो पुढे होऊन म्हणाला, "फडकं सोडून काय व्हणार साहेब? आम्ही लई घासलं. रॉकेलनं बी निघंना ते."

सुदर्शननं डोळे मिटले. झुपकेवाल्याला फितीचा कंटाळा आला असावा. त्यानं ती सोडली, शेजारच्या पक्ष्याच्या मानेवरची गाठ चोचीत धरली आणि झटका दिला. 'गुंतव' खाली पडलं. खाली चोच होती आणि चोचीवर प्रियदर्शनीच्या हातची टिक, शेपूट जरा लांब झालेली.

बाकीची फडकी पोपटनं सोडली. पक्षी पन्हळीवर तुटून पडले. साहेब हात मागे बांधून एकेका चोचीसमोर थांबत शेवटपर्यंत चालत गेले, पोरांच्या वह्या बघत जावं तसे. मग परत आले.

"काय नियम आहे, रामटेके?"

"एकदा टिक झाली की पुन्हा मोजायचं नाही, सर."

"मग लिहा. पिरंगुट, बासष्ट."

"आणि सासवड?"

साहेबांनी झुपकेवाल्याकडे पाहिलं. झुपकेवाल्यानं साहेबांच्या खिशातल्या हिरव्या पेनाकडे पाहिलं. साहेबांनी पेनावर हात ठेवला.

"सासवड, एक," ते म्हणाले.

कंपनीला नवीन पैसे घ्यायची बंदी झाली. सुदर्शनची तक्रार आलीच नाही. पक्ष्यांच्या चोची रंगवल्याची तक्रार करायची, तर पक्षी कुठे होते हे लिहावं लागलं असतं.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, साहेबांनी प्रमाणपत्र पुढ्यात ओढलं. मग दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कोपऱ्यात प्रियदर्शनीच्या नावापुढे टिक केली. पेन संपत आलं होतं. टिकेचं शेपूट कोरडंच उमटलं. साहेबांनी ते पुन्हा गिरवलं नाही. पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं.

"घ्या. आता तुम्हाला कुणी पुन्हा मोजायचं नाही," ते म्हणाले, आणि पुढची फाईल ओढली.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनानं प्रमाणपत्र चष्म्याखालून वाचलं. 'काम समाधानकारक.' पुढची ओळ त्यानं दोनदा वाचली. 'पक्षी बिनचूक मोजतात.'

त्यानं मान वर केली. "विषय फायनान्सच ना तुमचा?"

"हो," प्रियदर्शनी म्हणाली.

"असू दे," म्हणून त्यानं फॉर्मवर शिक्का मारला.