बांधावरचे एकतीस जण

पाहुण्या संघाने गोल केला, तो तोकिकोने ऐकला. पाहिला नाही. गेली एकोणीस वर्षं ती तोमिहामाच्या मैदानाच्या फाटकात उभी राहून आत जाणारी माणसं मोजत होती, आणि फाटकातून गोलपोस्ट दिसत नाही. पण आपल्या क्लबाचे पाठीराखे सामनाभर रिकामे पत्र्याचे डबे बडवतात, आणि डब्यांबद्दल तिला कुणी शिकवायला नको. डबाबंद सार्डिन माशांच्या कारखान्यात तीस वर्षं तिने एकच काम केलं होतं. बंद डब्यावर बारीक काठी मारायची आणि आवाजावरून सांगायचं, आतला माल चांगला की खराब. चेंडू बाहेर गेला, बारवर आपटला की जाळ्यात गेला, हे ती डब्यांवरून ओळखायची. आता सगळे डबे एकदम गप्प झाले होते.

एरवी तिला वाईट वाटलं असतं. आज तिचं सगळं लक्ष मुठीतल्या मोजणीयंत्रात होतं. माणूस आत आला की खटका दाबायचा, आकडा एकाने पुढे.

आज हरलं काय नि जिंकलं काय, फरक पडणार नव्हता. यंदा पोरं अशी काही खेळली होती की दुसरा नंबर दोन आठवड्यांपूर्वीच खिशात होता आणि वरच्या लीगचं दार उघडलं होतं. पण त्या दाराला आणखी एक कडी होती. घरच्या पंधरा सामन्यांना सरासरी दोन हजार माणूस आलं पाहिजे, हा नियम. चौदा सामने झाले होते, आज शेवटचा. फाटकातून दोन हजार सहाशे चौदा माणसं आत गेली तर तोमिहामा वर जाणार, दोन हजार सहाशे तेरा गेली तर आहे तिथेच राहणार. अकरा हजार वस्तीच्या त्या बंदरात हा आकडा लहान पोरांनाही पाठ झाला होता. न्हाव्याने आरशावर लिहून ठेवला होता.

असा दिवस अकरा वर्षांपूर्वीही आला होता. तेव्हा हंगामाच्या बेरजेत त्रेचाळीस माणसं कमी पडली. तेव्हाचे अध्यक्ष फाटकात येऊन हळूच म्हणाले होते, एक बस उशिरा आली असं समजा ना. तिने तसं मानलं नाही. यंत्रात होता तो आकडा सांगितला आणि घरी गेली. पुढच्या वर्षी चांगले खेळाडू निघून गेले आणि क्लब आणखी एक पायरी खाली घसरला. तोमिहामात कुणी तोंडावर बोलत नाही. फक्त टोफूवाली वर्षभर तिच्याशी वाऱ्यापावसापलीकडे काही बोलली नाही.

तिच्या नवऱ्याने मात्र थेट मैदानच सोडलं. गेन्झो कारखान्याच्या टीमचा गोलकीपर. आजचा क्लब म्हणजे मुळात हीच टीम; दुपारपर्यंत मासे साफ करायचे आणि मग खेळायचं. वीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, तेव्हा गेन्झो आणि त्याच्या दोस्तांनी घरोघर फिरून क्लब गावाच्या पदरात घातला होता. त्याच गेन्झोने अकरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर शपथ घेतली की क्लब वर गेल्याशिवाय फाटकात पाऊल ठेवणार नाही. कारखान्यातले जुने गडी त्याच्यामागे गेले. तेव्हापासून ही मंडळी गोलपोस्टच्या मागच्या समुद्रबांधावर बसून सामना बघत. दर रविवारी नवरा-बायको घरून एकत्र निघत. तिने दोघांसाठी भाताचे गोळे बांधलेले असत. वळणावर तो बांधाकडे जाई, ती फाटकाकडे. आकडा त्याने कधी विचारला नाही, तिने कधी सांगितला नाही.

मध्यंतराची शिट्टी झाली. यंत्रात दोन हजार पाचशे सत्त्याऐंशी.

तिकिटं फाडणारे अंझाई गुरुजी तीनदा चष्मा पुसून आकडा वाचून बसले. सत्तावीस कमी, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आकडा उत्तरार्धाच्या विसाव्या मिनिटाला वर लीगला कळवायचा असतो, म्हणजे हातात जेमतेम पस्तीस मिनिटं होती. तेवढ्यात नवे अध्यक्ष कुरामोची धावत आले. एरवी हे गावातलं सार्वजनिक न्हाणीघर चालवतात आणि शांत माणूस म्हणून प्रसिद्ध आहेत. आज शांतपणाचा पत्ता नव्हता. सगळ्या स्वयंसेवकांनी जॅकेटं काढावीत, बाहेर जावं, तिकीट काढून परत आत यावं, असं त्यांनी एका दमात सुचवलं.

"ते सकाळपासून आतच आहेत," तोकिको म्हणाली. "आत असलेला माणूस दुसऱ्यांदा आत येत नाही."

कुरामोचींनी मान डोलावली. चांगला माणूस. त्याची दया आली तिला, आणि स्वतःचीही आली. पुन्हा तीच पाळी. पुन्हा तिनेच सांगायचं आणि पुन्हा गावाने टोफूच्या दुकानात गप्प बसायचं. नकळत तिने बांधाकडे पाहिलं. तिथली डोकी ती दर रविवारी मोजायची, हाताला लागलेली खोड, दुसरं काय. आज एकतीस होती.

एकतीस! अकरा वर्षं हा आकडा डोळ्यांसमोर होता आणि ती त्याच्याकडे नुसती बघत बसली होती.

तिने यंत्र अंझाईंच्या हातात कोंबलं आणि निघाली. एकोणीस वर्षांत तिने सामना चालू असताना फाटक सोडलं नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी बांधाच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरत होते आणि तरी ती पळत होती.

"तोकिकोसान फाटक सोडून आली," योकोओ म्हणाला. हा पूर्वी डबे शिजवायच्या भट्टीवर असे. "कोण गेलं रे?"

"कोणी गेलं नाही. दोन हजार पाचशे सत्त्याऐंशी झालेत. सत्तावीस कमी आहेत."

बांधावर सगळे हळहळले. यंदाही नाही म्हणायचं, असं कुणीतरी पुटपुटलं. गेन्झो हातातल्या भाताच्या गोळ्याकडे बघत राहिला.

"योकोओसान, तुमची शपथ काय आहे?"

"क्लब वर गेल्याशिवाय फाटकात पाऊल नाही."

"आणि क्लब वर कसा जातो?"

"जिंकून. आणि..." योकोओ थांबला.

"आणि फाटकातून माणसं आत गेली की. तुम्ही एकतीस जण. सामने पंधरा. करा गुणाकार."

योकोओने बोटांवर हिशेब मांडला, मग शेजाऱ्याचीही बोटं घेतली. चारशे पासष्ट. तो आकडा बांधावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि जिथे जिथे पोचला तिथे तिथे माणूस खाली बघू लागला.

"म्हणजे अकरा वर्षं आपण इथे बसून..." योकोओ म्हणाला.

"क्लबाचा पाय धरून बसलात."

"शपथ म्हणजे शपथ," गेन्झो म्हणाला. त्याने अजून वर पाहिलं नव्हतं.

तोकिकोला असा राग आला, असा राग आला, की आवाज उलट खाली गेला. "मी आकडा खराच सांगणार. तेव्हा सांगितला, आजही सांगेन. तो किती असावा, ते आता तुम्ही बघा."

ती वळली आणि पायऱ्या उतरली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही.

उत्तरार्ध सुरू झाला. चार मिनिटं झाली, सात झाली. अंझाई घड्याळाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत होते. आत डबे वाजत होते, चेंडू पाहुण्यांच्या बाजूला असावा, पण तिला आज नीट ऐकूही येईना. नववं मिनिट. मग कोपऱ्यावरून योकोओ आला, बगलेत बसायची गादी घेऊन, आणि त्याच्यामागे सगळी रांग, कुणी काठी टेकत, कुणी शेजाऱ्याला धरून.

आणि ही मंडळी घाई करतील तर शपथ! तिकिटाच्या खिडकीवर योकोओ अडून बसला की ज्येष्ठांची सवलत मिळालीच पाहिजे. खिडकीतल्या पोरीने वयाचा दाखला मागितला.

"माझं थोबाड दाखला नाही का?" त्याने विचारलं.

कुरामोचींनी मागून सवलत, सवलत, असा टाहो फोडला आणि रांग सुटली. खट. खट. तोकिकोचा अंगठा चालू लागला. अंझाई मोठ्याने मोजत होते, शाळेत पाढे म्हणवून घेत तसे. दहा. पंधरा. एका म्हाताऱ्याचं तिकीट वाऱ्याने उडालं आणि अध्यक्ष त्यामागे धावले. बावीस. सव्वीस. सत्ताविसावा होता कारखान्याचा जुना ट्रकचालक, आणि आकडा आपणच भरतोय याची त्याला कल्पनाही नव्हती. तो आत गेला, कुरामोची मटकन जमिनीवर बसले, आणि तोकिकोला वाटलं आता आपण ओरडणार. ती ओरडली नाही, कारण मागून आणखी माणसं येत होती आणि ती मोजायची होती. आणखी तिघं आत गेली.

मग गेन्झो उरला.

तो तिकीट हातात धरून रेषेच्या बाहेर उभा राहिला. गोलकीपरच्या वाकड्या बोटांत ते तिकीट फारच लहान दिसत होतं.

"भरला आकडा?" त्याने विचारलं.

एक शब्द, बस. नाही म्हणाली असती तर नवरा दोन पावलांत आत आला असता.

"भरला," तोकिको म्हणाली. "तुमच्या आधी चौथा माणूस आत गेला, तेव्हाच."

"म्हणजे माझ्यावाचून अडलेलं नाही."

"नाही अडलेलं."

गेन्झोने मान हलवली. बांधाकडे एकदा पाहिलं. आता तिथे कुणी नव्हतं.

"तेव्हाही तू हेच केलंस," तो म्हणाला. "आणि मी न आलेल्या माणसांवर रागवायचं सोडून फाटकावर रागावलो." एवढं बोलून त्याने तिकीट अंझाईंच्या हातात दिलं आणि पाऊल आत टाकलं.

खट.

विसाव्या मिनिटाला तिने फोनवर आकडा सांगितला, दोनदा, सावकाश. आता आत जावं, उरलेला खेळ बघावा, असं गेन्झोला कुणीतरी म्हणालं, पण तो तिच्या शेजारीच उभा राहिला, जिथून काही दिसत नाही तिथे. मग भोंग्यावरून निवेदकाचा आवाज आला. आजची प्रेक्षकसंख्या. तो थांबला, त्या मेल्याला थांबायला आजच सुचलं. दोन हजार सहाशे अठरा.

डबे असे कडाडले की तोकिकोने आयुष्यात ऐकले नव्हते, तीस वर्षांत नाही, एकोणिसांत नाही. एकही डबा खराब नव्हता. अंझाई रडत होते, कुरामोची त्यांना मिठी मारत होते, आणि तिलाही रडू फुटलं, ते तिने पुसलंसुद्धा नाही.

गेन्झो तिच्या कानाशी वाकला. त्या गदारोळात त्याला ओरडावं लागलं.

"त्यात मला धरलंस ना?"

तिने मूठ उघडून यंत्र त्याच्यासमोर धरलं, आणि त्याने चष्मा कपाळावर सरकवून शेवटचा आठ नीट वाचला.