सतरा विरुद्ध शून्य

वेंडेल क्रुपाला त्या रविवारी एकच गोष्ट हवी होती: मोठ्या संघासाठी खेळाडू हेरणाऱ्या पारख्यानं आपल्याला उचलून न्यावं. वय चौतीस, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांत आजोबाच. हा उन्हाळा संपला की सासऱ्याच्या वीटभट्टीवर कामाला जायचं, हे घरी ठरून गेलं होतं. अशात हिलियर्ड नावाचा पारखी चक्क त्यांच्या कोळशाच्या गावात येऊन पहिल्या रांगेत बसला होता. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता.

"आज मला भरपूर धावा द्या रे," वेंडेलनं सकाळीच सगळ्यांच्या विनवण्या केल्या होत्या.

दिल्या! समोरचा लाउडरचा संघ रात्रभर बसमध्ये हाडं मोडून आलेला. उभं राहण्याचं त्राण नाही, तर चेंडू काय अडवणार? सहा डावांत वेंडेलच्या संघाच्या सतरा धावा झाल्या आणि लाउडरची पाटी कोरी राहिली. अर्धे प्रेक्षक जेवायला घरी गेले. वेंडेल मात्र बाकावर जाकीट पांघरून चडफडत होता. आपली माणसं बॅट खाली ठेवायलाच तयार नाहीत, हात गार पडतोय, आणि हिलियर्ड घड्याळ बघतोय.

"बस्स करा रे आता!" तो आपले चेंडू झेलणाऱ्या गस डोंबेकवर खेकसला. "तो माणूस निघून गेला, तर तुमच्या धावा काय चाटायच्या मी?"

"मग काय करू? ते टाकतातच असे, की माझी आजीसुद्धा ठोकेल."

"हवेत बॅट फिरवायची, तीनदा हुकायचं, बाद होऊन परत यायचं. सगळ्यांना सांग."

"हळू बोल, बाबा! मुद्दाम बाद झालो हे कळलं, तर लीगवाले जन्मभरासाठी हाकलतील."

"सतरानं पुढे असताना कोण विचारतंय?"

तेवढ्यात लाउडरच्या मॅनेजरनं हात टेकले. सामना गेलाच आहे, उरलेले चांगले हात कशाला झिजवा, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यानं मैदानाच्या टोकाला झेल घेणाऱ्या लायल टिबेटला चेंडू टाकायला उभं केलं. लायलनं जन्मात हे काम केलं नव्हतं. पहिलाच चेंडू गसच्या डोक्यावरून जाळीवर आदळला. लोक खो खो हसले.

मग ठरल्याप्रमाणे गस तीनदा हुकून बाद झाला. दुसरा हुकला, तिसराही. आठव्या डावात आणखी तिघं. त्यांत एक वेंडेल स्वतः; नाटक करायचं तर मन लावून करावं, म्हणून त्यानं अशी बॅट फिरवली, की गिरकी घेऊन धुळीत बसला.

नववा, शेवटचा डावही वेंडेलनं कोरा काढला. सतरा विरुद्ध शून्य! केस विंचरून तो कठड्याशी उभा राहिला. हिलियर्ड हॅट सावरत खाली आला.

"छान टाकलंस. पण या मेलेल्यांना माझी मावशीही शून्यावर ठेवेल."

वेंडेलचं हसू ओठांवरच विरलं.

"तो पोरगा कुठाय? तुम्ही दिवसभर सगळ्यांना कुटलंत, आणि त्यानं तुमचे सहाजण ओळीनं उडवले! तू तर लोळलासच. खरं सांग, चेंडू दिसत होता का तुला?"

मागून गसनं त्याचा सदरा ओढला. खरं बोलावं, तर सगळ्यांची रोजीरोटी जाणार. गसला तर तीन मुलं.

"नाही साहेब," वेंडेल म्हणाला. "दिसलाच नाही."

"वाटलंच मला!" हिलियर्ड लगबगीनं लाउडरच्या बसकडे गेला.

थोड्याच वेळात सतरानं हरलेल्या त्या बसमध्ये लायलच्या नावाचा असा जल्लोष उठला, की जिंकलेले वळून बघू लागले. वेंडेलला रडू कोसळलं. फाटकाशी रेंगाळलेल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांनी एवढा मोठा विजय मिळाल्यावर माणसाला भरून येणारच, असं त्यांना वाटलं.