सेंदाईचा मुलगा

पायांवर तीन तपेली पाणी ओतून हिसानो हौदात उतरली, तेव्हा तिला दिसलं, की खिडकीजवळच्या कोपऱ्यात तोकिए नाही. तिथे चाळिशीची एक बाई गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. डोक्यावरची पंचाची घडी तिला नीट जमली नव्हती. ती सारखी घसरत होती.

"तुम्ही हिसानोबाई ना?" बाईने विचारलं. "डाव्या खांद्यावर तीळ आहे, असं आईंनी सांगितलं होतं. मी मासुमी. तोकिएंची सून."

"आणि ती? उठली नाही अजून?"

"आई जूनमध्ये गेल्या."

हिसानोने ओंजळभर गंधकाचं पांढरं पाणी खांद्यावर घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं.

"खोली त्यांनी गेल्या वर्षीच सांगून ठेवली होती," मासुमी म्हणाली. "म्हणाल्या, फुकट घालवू नकोस, तू जा. तुझ्याही कमरेची रोजची रड आहेच."

"अशीच बोलायची ती," हिसानो म्हणाली.

सफरचंदं उतरवून झाली, की नोव्हेंबरात दहा दिवस हिसानो युगामोरीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर यायची. नवरा, एइसाकु, तिला छोट्या ट्रकमधून बसथांब्यावर सोडायचा, पिशवी हातात द्यायचा आणि "घसरू नकोस," एवढंच म्हणायचा. अठरा वर्षं हेच चाललं होतं. तोकिए समुद्राकडची. इथल्या उतरायच्या जागी ज्याने त्याने आपलं रांधून खायचं असे. पण या दोघी एकाच शेगडीवर शिजवायच्या. एकीची सुकवलेली माकुळं, दुसरीचा खारवलेला मुळा. एकमेकींचं घर दोघींनीही पाहिलेलं नव्हतं.

दुपारी स्वयंपाकघरात मासुमी मुळा चिरत होती. हिसानो तांदूळ धूत होती.

"सेंदाईची मंडळी कशी आहेत?" मासुमीने विचारलं. "नातू तिसरीत गेला असेल ना?"

"चौथीत," हिसानो म्हणाली.

पहिल्या वर्षी तोकिएने हौदात सहज विचारलं होतं, मुलंबाळं किती? एक मुलगा, सेंदाईला असतो, असं हिसानो बोलून गेली होती. मुलाला, शिगेरुला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बावीस वर्षांचा होता. रस्त्यावर बर्फ होतं, गाडी पुलावरून खाली गेली. गावात हे ठाऊक नसलेलं कुणी नव्हतं. इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी तोकिएने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला नोकरी लागलेली होती. मग लग्न झालं. मग मुलगा झाला, सोता. त्याला शेंगदाण्यांनी पित्त उठायचं.

हिसानोने पाणी ओतून दिलं. तांदूळ दोनदा धुऊन झाले होते. तिने तिसऱ्यांदा पाणी घेतलं आणि हात तसाच आत ठेवला.

"मासुमी, ते खोटं आहे. मला नातू नाही. मुलगाही नाही."

सुरी थांबली नाही.

"मला माहीत आहे," मासुमी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आईंनाही माहीत होतं. नातू झाल्याचं तुम्ही सांगितलंत, त्या वर्षी त्यांनी तुमच्या घरी खोकं पाठवलं. झबली, लोकरीचे मोजे. तुमच्या मिस्टरांचा फोन आला. म्हणाले, काहीतरी चूक झालीय, आमच्याकडे बाळ नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं."

"आमच्या यांनी?"

"हो."

"मग तोकिए दर वर्षी विचारायची ते?"

मासुमीने आता सुरी खाली ठेवली. तिने हात एप्रनला पुसले.

"तुमच्या मिस्टरांनीच तसं सांगितलं होतं. म्हणाले, ती तिथून आली, की महिनाभर नीट जेवते. तुम्हाला जड जात नसेल, तर विचारत जा. आईंनी मलाही तेच बजावलं. म्हणाल्या, भेटल्या भेटल्या विचार, तिला वाट बघायला लावू नकोस."

शेगडीवरच्या भांड्यात पाणी उकळायला लागलं होतं. मासुमीने आच कमी केली.

"तांदूळ मी लावते," ती म्हणाली. "तुम्ही या जाऊन."

कुठे, ते तिने सांगितलं नाही.

हिसानो खोलीत आली. पिशवीतून मोबाइल काढून ती चटईवर बसली, मग उठून खिडकी लावून आली. घरी फोन पाच-सहा वेळा वाजला.

"काय गं?" एइसाकुचा आवाज आला. मागे कुस्त्यांचा सामना मोठ्याने चालू होता. "पडलीस की काय?"

"नाही. पडले नाही."

"मग?"

"तोकिए गेली. जूनमध्ये."



"तिची सून आलीय," हिसानो म्हणाली. "चांगली आहे. पंचा डोक्यावर टिकत नाही तिचा."

"हं."

"अहो."

"बोल ना."

शिगेरु हे नाव त्या घरात शेवटचं कधी घेतलं गेलं, ते तिला आठवेना. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शिगेरु आज एक्केचाळीस वर्षांचा असता," ती म्हणाली.

पलीकडे कुस्त्या तशाच चालू राहिल्या. लोक ओरडत होते. मग एइसाकु उठल्याचा आवाज आला, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून उठतो तसा, आणि टीव्ही बंद झाला.