पाठीतला श्वास

मान लांब म्हणून नाचाच्या वर्गातल्या मुलींनी तिला बगळी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे घरीही तेच नाव चिकटलं. तिचे पाय असे तयार, की बॅलेच्या बाई चारचौघींत म्हणायच्या, "या पायांना शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही." पण पायांच्या वर धड असतं, आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथे.

हात डोक्यावर गेले की बगळीच्या फासळ्या पुढे यायच्या. खांदे चढू नयेत म्हणून ती ते जिवाच्या आकांताने मागे ओढायची. खांदे उतरायचे, पण छाती कवायतीतल्या शिपायासारखी फुगायची आणि कमरेत बाक पडायचा. तिला त्याचा पत्ताच नसे. आरशात ती समोरून बघायची, आणि समोरून सगळं झकास!

"शनिवारी ठरवते," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमातला एकटीचा नाच तुला द्यायचा की मधल्या रांगेतल्या त्या मुलीला. पाय तुझेच सरस आहेत गं. पण संथ नाचात लोक पाय बघत नाहीत, बाळा. हात बघतात, मान बघतात."

बगळीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या नाचासाठी ती वर्षभर झुरत होती.

तिची आई नाचाचे पोशाख शिवायची. त्या संध्याकाळी तिने लेकीला नवी चोळी घालून बघायला लावली, तर पाठीवरचे हूक लागेनात.

"घट्ट शिवलीस तू."

"मी? अगं, भाजी निवडत उभी होतीस तेव्हा माप घेतलंय मी. माणसासारखी उभी होतीस. आता शिपाई झालीयस!"

"बॅलेत असंच उभं राहतात, आई."

"राहत असतील बाई. शिपाई बॅले करत असतील तर." आईने दोन्ही तळवे तिच्या पाठीवर, खांद्यांच्या पात्यांखाली ठेवले. "इथे श्वास घे. माझ्या हातांत. देवाने पाठ काय नुसती टेकायला दिलीय?"

बगळीला हसू फुटलं. हसता हसता छातीतली हवा निघून गेली, फासळ्या आपसूक मिटल्या, आणि टकाटक सगळे हूक लागले.

"हलू नकोस!" आई ओरडली.

पण बगळीने हात वर नेलेच. हूक ताणले गेले. तिने हात खाली आणले, पाठीत श्वास भरला, पुन्हा नेले. या खेपेला हात खांद्यांतून नाही, खाली पाठीतून उगवल्यासारखे गेले. मान मोकळी. चोळी गप्प. आरसा लागलाच नाही; फासळ्या कुठे आहेत ते अंगालाच कळत होतं. "अस्सं!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि आई जेवायला हाका मारून थकली तरी तिचे हात वरखाली चाललेच होते.

शनिवारी बाईंनी नाव पुकारल्यावर ती म्हणाली, "बाई, आरशाकडे पाठ करून नाचू?"

मुली खुसखुसल्या. "आरसा रुसला वाटतं," मधल्या रांगेतली म्हणाली.

बाईंनी भुवया उंचावल्या, पण पियानोवाल्या काकांना खूण केली.

बगळी नाचली. हात उठले तेव्हा फासळ्या जागच्या हलल्या नाहीत, आणि डोकं कण्यावर असं अलगद बसलं, जशी समई पाटावर ठेवावी. बाई तिच्याभोवती फिरत राहिल्या. एकदा बोटांनी बरगडी चाचपून पाहिली. बगळी विचलित झाली नाही. फासळ्या जागेवर आहेत हे तिला ठाऊक होतं.

सूर थांबले.

"नाच तुझा," बाई म्हणाल्या. "सोमवारी लवकर ये. डाव्या कोपराचं बघायला हवं."

"डाव्या कोपराला काय झालं?"

"हात वर गेला की खाली पडतं. इतके दिवस फासळ्यांपुढे त्याच्याकडे कोण बघणार?"

बगळी खळखळून हसली. "सोमवार कशाला बाई," ती म्हणाली, "आत्ताच बघू की," आणि हात उचलून पुन्हा मधोमध जाऊन उभी राहिली.