डावी बाजू

"याचं झाकण काढलंय का हो?" दुर्बिणीला लावलेला डोळा न काढता बसमावशीने विचारलं. "नुसतं पांढरं दिसतंय."

"सकाळपासून एवढी माणसं बघून गेली, मावशी. कुणाची तक्रार नाही," दुर्बीणवाला म्हणाला.

"मग धुकं आलं असेल."

"डोक्यावर ऊन तापलंय आणि म्हणे धुकं!" तिचा नवरा खो खो हसला. तो शिंपी होता. "चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून जन्मभर हिणवलंस ना मला? भोग आता!"

ती शाळेची बस चालवायची. मुलं मावशी म्हणत, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच बसमावशी म्हणू लागली. तिला आपल्या नजरेचा भारी तोरा. आज सकाळीही घरची गाडी अख्खा घाट तिनेच चढवली होती. लेकीकडे परवाना होता, पण "घाट म्हणजे काय शिकाऊंचं मैदान आहे?" म्हणून तिने स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

कड्यावरच्या वाऱ्याने तिच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला होता. तो तळहाताने झाकून ती डाव्याने बघत होती.

"बघू गं," म्हणत लेकीने डोळा लावला. "अगं आई, शेळ्या! एक तर पार टोकावर उभी आहे!"

मावशी सरळ झाली. तळहात अजून उजव्या डोळ्यावरच होता. समोर लेक असायला हवी होती, लाल ओढणीतली. तिथे नुसता दुधट उजेड होता. तिने हात काढला. लेक, नवरा, डोंगर, सगळे जागच्या जागी. पुन्हा डोळा झाकला. सगळे गेले.

"लपाछपी खेळतेस की काय?" नवरा म्हणाला.

"अहो, या डोळ्यानं तुम्ही दिसत नाही मला."

त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

"कधीपासून?" लेकीने विचारलं.

तेच तर तिला ठाऊक नव्हतं. चांगला डोळा गुपचूप दोघांचं काम करत राहिला होता आणि तिला पत्ताही लागू दिला नव्हता. पण गेल्या महिन्यात बसचा आरसा शाळेच्या फाटकाला घासून फुटला होता. फाटक नीट उघडलं नाहीस म्हणून तिने पहारेकऱ्याला चारचौघांत झाडलं होतं. तो शपथेवर सांगत होता, पूर्ण उघडं होतं. आरसा डावीकडचा. बसचा दरवाजाही डावीकडेच. मुलं तिथूनच उड्या मारत उतरायची, पडलेली बाटली उचलायला चाकाशी वाकायची.

ती तिथेच खाली बसली.

"आई, उद्याच डॉक्टरकडे जाऊ. होईल बरं."

"होईल, नाहीतर नाही होणार. काल दुपारी पोरं उतरवलीत मी."

"कुणाला काही झालं नाही ना?"

"नाही झालं. त्यात माझी काय करामत?"

नवरा शेजारी उकिडवा बसला. "हे बघ, ताप आलाय म्हणून कळव शाळेत. डोळ्याचं आत्ताच कशाला काढतेस? नोकरीवर गदा येईल."

मग तिने फोन लावला आणि डोंगरावरून बोलतेय, उद्यापासून बसवर येणार नाही, असं सांगितलं. शाळेच्या गाड्यांची व्यवस्था बघणारे साहेब पलीकडून हसले. "डोंगरावर गेलं की सुट्टी सुचतेच माणसाला!"

"सुट्टी नको, साहेब. दुसरा ड्रायव्हर बघा. मला एका डोळ्यानं दिसत नाहीये."



गाडीपाशी येऊन तिने किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. "उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेव. ब्रेक सारखा दाबून धरू नकोस, तापतो."

"तू पुढे बस ना, आई."

"नको. बडबडून तुलाच घाबरवीन."

ती मागे बसली. नवरा येऊन तिच्या डावीकडे टेकला. पहिल्या वळणावर गाडी जरा जास्तच बाहेर गेली, तरी ती बोलली नाही. नवराही गप्प होता. दरी बघत असेल, तिला वाटलं. तिने मान पूर्ण वळवली. तो तिच्याकडेच बघत होता.